बांगड्याच्या ताजेपणाचा सेन्सर करतेय, पण एन्झाइम इलेक्ट्रोडवर टिकतच नाहीये

खाडीकाठची (प्रश्न)

नमस्कार मंडळी. रत्नागिरीत एमएस्सी बायोकेमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, प्रोजेक्ट घेतलंय माशाचा ताजेपणा मोजणाऱ्या सेन्सरचं. मासा मेला की त्याच्या स्नायूतला एटीपी (पेशीला ऊर्जा देणारा रेणू) तुटत तुटत एडीपी, एएमपी, आयएमपी, मग इनोसिन आणि शेवटी हायपोझँथिन होतो, तर ते हायपोझँथिन झँथिन ऑक्सिडेज या एन्झाइमने पकडायचं आणि त्यातून निघणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडचा करंट मोजायचा असा प्लॅन आहे. मासा बांगडा, कारण तो आमच्याकडे रोज मिळतो आणि रोज खाल्लाही जातो.

आत्ता मी असं करतेय की स्क्रीन प्रिंटेड कार्बन इलेक्ट्रोड घ्यायचा, कायटोसॅन (कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून बनणारा पॉलिमर) ॲसेटिक ॲसिडमधे विरघळवून त्यातच एन्झाइम मिसळायचं, थोडं ग्लुटाराल्डिहाइड (रेणूंना एकमेकांशी बांधणारं रसायन) टाकून थेंब ठेवायचा आणि रात्रभर फ्रिजमधे सुकवायचा. प्लस ०.६ व्होल्टला मोजते. पहिल्या दिवशी सिग्नल छान येतो, मग एकेका रीडिंगला थोडा थोडा खाली जातो आणि काही दिवसांत जवळपास काहीच उरत नाही. ग्लुटाराल्डिहाइड वाढवलं तर सुरुवातीपासूनच सिग्नल कमी. कमी केलं तर फिल्मच सुटून येते.

सर म्हणतात कार्बन नॅनोट्यूब लावा आणि ईडीसी-एनएचएसने कोव्हॅलंट बाँड करा, पण त्याचा खर्च बघता आधी विचारून घ्यावं म्हटलं. एन्झाइमची बाटलीच इतकी महाग आहे. आणि १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, म्हणजे ताजा बांगडा हातात आहे तोवरच सॅम्पल मारून घ्यायचेत. तर एन्झाइम इमोबिलाइज करायची, म्हणजे इलेक्ट्रोडवर पक्कं बसवायची, सगळ्यात चांगली पद्धत कुठली? कोणी हे प्रत्यक्ष केलं असेल तर प्लीज सांगा.

पोटेन्शिओ_दापोली

सगळ्यात चांगली पद्धत कुठली हा प्रश्न जरा बाजूला ठेव, आधी सिग्नल पडतोय म्हणजे नक्की काय पडतंय ते शोध, कारण तीन वेगवेगळ्या गोष्टी बाहेरून अगदी सारख्याच दिसतात. एक तर एन्झाइम फिल्ममधून सुटून बफरमधे जातंय, किंवा एन्झाइम जागेवरच आहे पण मेलंय, किंवा एन्झाइम ठणठणीत आहे पण खालचा कार्बन घाण झालाय. तिन्हीचा उपाय वेगळा. नॅनोट्यूब आणून पहिली अडचण सुटेल कदाचित, उरलेल्या दोन तशाच राहतील.

हे तपासायला एक रुपया खर्च नाही. इलेक्ट्रोड ज्या बफरमधे बुडवून ठेवतेस तो बफर काढ, त्यात झँथिन टाकून स्पेक्ट्रोफोटोमीटरवर २९० नॅनोमीटरला बघ. शोषण हळूहळू चढत असेल तर युरिक ॲसिड तयार होतंय, म्हणजे एन्झाइम बफरमधे आलंय, म्हणजे गळती. मग दुसरं असं कर की जुन्या, थकलेल्या इलेक्ट्रोडवर थेट युरिक ॲसिड सोड आणि नव्या कोऱ्या इलेक्ट्रोडवर तेवढंच सोड. जुन्यावर कमी आलं तर दोष एन्झाइमचा नाही, पृष्ठभागाचा आहे. दोन्हीकडे सारखं आलं आणि बफरमधेही काही नाही तर एन्झाइम जागच्या जागी मेलंय.

माझा अंदाज सांगू का, तुझ्याकडे तिसरी गोष्ट नक्की आहे, बाकीच्या असतील नसतील. कारण साध्या कार्बनवर प्लस ०.६ ला हायड्रोजन पेरॉक्साइड फारसं ऑक्सिडाइज होतच नाही, त्याला प्लॅटिनम लागतं. तू जो करंट पेरॉक्साइडचा समजतेयस तो बहुतेक युरिक ॲसिडचा आहे, ते कार्बनवर ०.३-०.४ व्होल्टलाच ऑक्सिडाइज होतं. झँथिन ऑक्सिडेज हायपोझँथिनचं झँथिन करतं आणि झँथिनचं युरिक ॲसिड, म्हणजे युरिक ॲसिड इथे तुझं प्रॉडक्टच आहे, बाकीच्या सेन्सरांमधे तो अडथळा असतो तसा नाही. पण त्याच्या ऑक्सिडेशनमधून जे तयार होतं ते कार्बनवर चिकटून बसतं आणि एकेका रीडिंगला पृष्ठभाग थोडा थोडा झाकत जातं. एकेका रीडिंगला थोडा थोडा खाली, हे तूच लिहिलंयस.

यातून सुटायचा रस्ता म्हणजे कार्बनवर प्रशियन ब्लू या निळ्या लोह-संयुगाचा थर. फेरिक क्लोराइड आणि पोटॅशियम फेरिसायनाइड, थोड्या हायड्रोक्लोरिक ॲसिडमधे पोटॅशियम क्लोराइडबरोबर, इलेक्ट्रोडवरच तयार कर, धू आणि १०० अंशावर तासभर भाजून घे. तो पेरॉक्साइडला शून्य व्होल्टच्या आसपासच पकडतो, त्या व्होल्टेजला युरिक ॲसिड आणि ॲस्कॉर्बिक ॲसिड दोघंही गप्प बसतात. दोन पथ्यं मात्र पाळ. बफर पोटॅशियम फॉस्फेटचा घे, सोडियमचा नको, कारण पाणी धरलेला सोडियम आयन प्रशियन ब्लूच्या जाळीत नीट शिरत नाही. आणि पीएच ७.४ च्या वर जाऊ नकोस, अल्कलीत प्रशियन ब्लू विरघळत जातो. झँथिन ऑक्सिडेजला खरं तर ८ च्या आसपास जास्त बरं वाटतं, पण इथे एन्झाइमने थोडं सोसलेलं चालेल, खालचा थर गेला तर सगळंच गेलं.

सुरंगी

वरच्यांनी पृष्ठभागाचं बरोबर सांगितलंय, मी वरच्या फिल्मबद्दल सांगते, माझं काम स्ट्रिपा बनवण्याचंच आहे.

बाटलीवरचं लेबल वाचलंस का? झँथिन ऑक्सिडेज दुधातून काढतात आणि बहुतेक वेळा अमोनियम सल्फेटमधल्या सस्पेन्शनच्या रूपात विकतात, त्यात बऱ्याचदा थोडं सोडियम सॅलिसिलेटही असतं. आता ग्लुटाराल्डिहाइड काय करतं, प्रोटीनवरच्या लायसिनच्या अमिनो ग्रुपला पकडतं. समोर भरपूर अमोनिया असेल तर ते आधी अमोनियालाच खाऊन संपतं. म्हणून कमी टाकलंस की फिल्म सुटते आणि जास्त टाकलंस की एन्झाइम मरतं, मधली जागा सापडतच नाही. सस्पेन्शन आधी डायलिसिस करून किंवा छोट्या डिसॉल्टिंग कॉलममधून काढून पोटॅशियम फॉस्फेटमधे आण. ट्रिस बफर वापरत असशील तर तोही बंद कर, ट्रिसमधेही अमिनो ग्रुप आहे.

दुसरं म्हणजे कायटोसॅन. ते अमिनो ग्रुपांनीच भरलेलं असतं, म्हणजे ग्लुटाराल्डिहाइडला तिसरा भागीदार. शिवाय ॲसेटिक ॲसिडमधलं कायटोसॅन पीएच ४ च्या आसपास असतं आणि त्यात एन्झाइम थेट ओतलं की तिथेच अर्धा जीव जातो. म्हणून एकत्र मिसळू नकोस. आधी कायटोसॅनचा पातळ थर दे, सुकव, फॉस्फेट बफरने धुऊन न्यूट्रल कर (साधारण ६.५ च्या वर ते विरघळत नाही, फिल्म जागेवर राहते), मग त्यावर एन्झाइम आणि बीएसए (गाईच्या रक्तातलं प्रोटीन) एकत्र करून टाक. बीएसए भरपूर घे. ग्लुटाराल्डिहाइडने आधी स्वस्त प्रोटीनला बांधावं आणि महागडं एन्झाइम त्या जाळ्यात अडकून राहावं, यासाठीच तो असतो. शेवटी ग्लुटाराल्डिहाइड ०.२५ ते ०.५ टक्क्यांच्या आसपास ठेव, आणि झाल्यावर ग्लायसिनच्या द्रावणात बुडवून उरलेले आल्डिहाइड बंद कर, नाहीतर ते फ्रिजमधेसुद्धा दिवसेंदिवस काम करत राहतं. वास घेऊ नकोस, फ्यूम हूडमधेच कर, डोळ्यांना आणि श्वासाला फार वाईट.

ईडीसी-एनएचएस वाईट नाही, पण ते कार्बोक्झिल असलेल्या पृष्ठभागावर एकच पातळ थर देतं. सेन्सर टिकायला एन्झाइम भरपूर लागतं, एका थराने तुझं भागणार नाही.

रापणकार

मी लॅबवालो नाय, मालवणात माशांचो धंदो करतंय. तुमचा सगळा काय माका कळला नाय पण विषय आमचो म्हणान वाचलंय. बंदीच्या दिवसांत भायरसून बर्फातलो माल येता, कल्ले धुवन ठेवलेले असतत, डोळो बघून काय एक कळना नाय. बोटान दाबून बघूचा तर बर्फात कडक झालेलो असता. असा मशीन झाला तर आमका होयाच. पण एक विचारतंय, कधी कधी बांगडो दिसता बरो, वासय येना नाय, पण खाल्ल्यार अंगार गांधी उठतत, तोंड लाल होता. तुझा मशीन ता सांगतला काय?

पोटेन्शिओ_दापोली

दादा, फार महत्त्वाचा प्रश्न विचारलात. नाही, हे मशीन ते सांगणार नाही, आणि हे तिने रिपोर्टमधेही स्पष्ट लिहायला हवं. गांधी उठतात ते हिस्टॅमिनमुळे. बांगडा, तारली, कुपा या माशांच्या मांसात हिस्टिडिन खूप असतं, मासा बर्फाशिवाय पडून राहिला की बॅक्टेरिया त्याचं हिस्टॅमिन करतात. आणि एकदा तयार झालं की तळा, उकळा, आगूळ घाला, ते जात नाही. नंतर बर्फात ठेवूनही कमी होत नाही, म्हणून चार तास उन्हात राहिलेला आणि मग बर्फात गेलेला मासा दिसायला ठीक पण खायला वाईट असू शकतो. युरोपात नऊ नमुन्यांची सरासरी किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या आत लागते आणि कुठलाच नमुना २०० च्या वर चालत नाही.

हायपोझँथिन मात्र माशाच्या स्वतःच्या एन्झाइममुळे तयार होऊ लागतं, बॅक्टेरियाचा जोर वाढायच्या आधीपासून. म्हणजे त्यातून मासा मरून किती वेळ गेला, कसा ठेवला याचा अंदाज येतो, विषारी आहे का ते कळत नाही. हिस्टॅमिनसाठी डायअमाइन ऑक्सिडेज नावाचं वेगळं एन्झाइम आहे, तेही पेरॉक्साइडच देतं, त्यामुळे खाली प्रशियन ब्लूचाच थर ठेवून शेजारी दुसरा इलेक्ट्रोड करता येईल. एका पट्टीवर दोन्ही आले तर खऱ्या अर्थाने मासळी बाजारात उपयोगी पडेल असं मला मनापासून वाटतं.

खाडीकाठची

सगळ्यांचे खूप आभार, विशेषतः रापणकार काकांचे, हिस्टॅमिनचा मुद्दा आता प्रस्तावनेतच घेते.

लेबल बघितलं, अमोनियम सल्फेटच आहे. डायलिसिसला लावलंय. आणि युरिक ॲसिडची टेस्ट केली, जुन्या इलेक्ट्रोडवर नव्याच्या मानाने बरंच कमी येतंय. पण बफरमधेही २९० ला थोडी चढण दिसते, म्हणजे गळतीपण आहे ना? मग दोन्ही एकदम कसं सोडवू? आणि काही पेपरांमधे नुसतंच के व्हॅल्यू के व्हॅल्यू लिहिलंय, मी फक्त हायपोझँथिन मोजून चालेल का?

पोटेन्शिओ_दापोली

गळतीसाठी एक जुना आणि बिनकेमिस्ट्रीचा उपाय आधी करून बघ. १९६२ साली क्लार्क आणि लायन्स यांनी पहिल्यांदा एन्झाइम इलेक्ट्रोडची कल्पना मांडली तेव्हा एन्झाइमला कशालाच बांधलं नव्हतं, ग्लुकोज ऑक्सिडेज नुसतं पातळ मेम्ब्रेनच्या मागे कोंडून ठेवलं होतं. तू पण तेच कर. डायलिसिसची पिशवी तुझ्याकडे आहेच, तिचा तुकडा कापून इलेक्ट्रोडवर रबरी रिंगने ताणून बसव, खाली न बांधलेलं एन्झाइम ठेव. झँथिन ऑक्सिडेज जवळपास ३०० किलोडाल्टनचं आहे आणि पिशवीची छिद्रं १२-१४ किलोडाल्टनची, ते बाहेर जाऊच शकत नाही. हायपोझँथिन मात्र सहज आत येतं. आता हा इलेक्ट्रोड टिकला आणि ग्लुटाराल्डिहाइडवाला टिकला नाही, तर तुला कळेल की बांधण्यातच एन्झाइम मरत होतं. हा तुलनेचा इलेक्ट्रोड रिपोर्टमधे असलाच पाहिजे, माझं स्पष्ट मत आहे, बांधायची नवी पद्धत चांगली की वाईट हे न बांधलेल्या एन्झाइमशी तुलना केल्याशिवाय ठरतच नाही.

मेम्ब्रेनचा आणखी एक फायदा असा की सिग्नल लहान होतो पण स्थिर होतो. दाभोळच्या फेरीबोटीवर गाड्या चढायचा उतार एकच, मग तिकीट देणारे दहा असले काय नि आठ असले काय, गाड्या तेवढ्याच चढणार. तसंच, एन्झाइम गरजेपेक्षा बरंच जास्त असेल आणि हायपोझँथिन मेम्ब्रेनमधून हळूहळूच येत असेल तर थोडं एन्झाइम मेलं तरी करंट हलत नाही. थर पातळ आणि एन्झाइम मोजकंच असेल तर मेलेला प्रत्येक कण आकड्यात दिसतो. तपासायचं असेल तर एन्झाइम कमीजास्त टाकून बघ, करंट फारसा बदलला नाही तर डिफ्यूजन (रेणू झिरपत येण्याचा वेग) ठरवतंय, जे तुला हवंय. बाजारातल्या बदलत्या तापमानातसुद्धा असा सेन्सर कमी भटकतो.

के व्हॅल्यू म्हणजे इनोसिन अधिक हायपोझँथिन भागिले एटीपीपासून हायपोझँथिनपर्यंतचं सगळं, टक्क्यात. जपानमधे १९५९ ला साइटो आणि सहकाऱ्यांनी मांडली, २० टक्क्यांच्या आत असेल तर मासा अगदी ताजा धरतात. काही मासे इनोसिनवरच बराच वेळ थांबतात, काही पटकन हायपोझँथिनपर्यंत जातात, म्हणून एकट्या हायपोझँथिनवर सगळ्या माशांसाठी एकच रेषा ओढता येत नाही. एका माशावर काम करतेयस तर बांगड्यापुरतं चालेल. पुढे वाढवायचं असेल तर त्याच फिल्ममधे न्यूक्लिओसाइड फॉस्फोरिलेज घाल, ते इनोसिनचं हायपोझँथिन करतं आणि त्याला फॉस्फेट लागतं, ते तुझ्या बफरमधे आहेच.

आणि अर्क पातळ करायला विसरू नकोस. हवेतल्या ऑक्सिजनने भरलेल्या पाण्यातसुद्धा ऑक्सिजन पाव मिलिमोलरच्या आसपासच असतो आणि एका हायपोझँथिनला युरिक ॲसिडपर्यंत न्यायला ऑक्सिजनचे दोन रेणू लागतात. घट्ट अर्क टाकलास तर ऑक्सिजनच संपेल आणि शिळा मासा आकड्यात बराच ताजा दिसेल. परक्लोरिक ॲसिडने अर्क काढत असशील तर पोटॅशियम हायड्रॉक्साइडने न्यूट्रल कर, पोटॅशियम परक्लोरेट बर्फात खाली बसतं, वरचं पाणी घे. शिवाय प्रत्येक सॅम्पल एन्झाइम नसलेल्या, नुसत्या बीएसएच्या इलेक्ट्रोडवरही मोज आणि तो आकडा वजा कर.

बोंडूवाला_सावंतवाडी

थोडं अवांतर होतंय पण राहवत नाही. आमच्याकडे काजूच्या हंगामात बोंडू सडून जातात, ढीगच्या ढीग. रसात ग्लुकोज फ्रुक्टोज भरपूर. ग्लुकोज ऑक्सिडेज आणि लॅकेज (ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देणारं एन्झाइम) असे दोन इलेक्ट्रोड करून बोंडूच्या रसावर बायोफ्युएल सेल, म्हणजे एन्झाइमवर चालणारी बॅटरी, चालवता येईल का, शाळेतल्या पोरांना निदान एक एलईडी पेटवून दाखवायचाय.

पोटेन्शिओ_दापोली

पोरांना दाखवायची कल्पना आवडली, पण बोंडूचा रस यासाठी सगळ्यात अवघड रसांपैकी एक आहे. त्यात क जीवनसत्त्व संत्र्याच्या काही पट असतं आणि ते एनोडवर स्वतःच ऑक्सिडाइज होऊन करंट देतं, एन्झाइम नसलं तरी. म्हणजे सेल चालला असं वाटेल आणि चालवत असेल ॲस्कॉर्बिक ॲसिड. उकळून मारलेल्या एन्झाइमचा इलेक्ट्रोड शेजारी लावल्याशिवाय काहीही मानू नका. शिवाय ज्या टॅनिनमुळे बोंडू खाऊन घसा धरतो ते टॅनिन प्रोटीनला चिकटतं, म्हणजे एन्झाइमलाही. आणि लॅकेज फिनॉलवरच जगतं, कॅथोडकडून इलेक्ट्रॉन घ्यायच्या ऐवजी रसातल्या फिनॉलकडून घेत बसेल.

ग्लुकोज ऑक्सिडेजचीही एक गोष्ट आहे. त्याचा एफएडी (इलेक्ट्रॉन घेणारा भाग) प्रोटीनच्या आत खोल असतो, इलेक्ट्रोडपर्यंत इलेक्ट्रॉन थेट पोचत नाही, मधे इलेक्ट्रॉन वाहून नेणारा फेरोसीनसारखा मीडिएटर किंवा ऑस्मियमचं हायड्रोजेल लागतं. नॅनोट्यूबवर थेट पोचतो असे पुष्कळ दावे आहेत, पण जॉर्ज विल्सन यांनी २०१६ साली दाखवून दिलं की दिसणारा पीक बहुतेक सुटून आलेल्या एफएडीचा असतो. त्यात हे एन्झाइम इलेक्ट्रॉन ऑक्सिजनलाही देऊन टाकतं. म्हणून एनोडसाठी ग्लुकोज डीहायड्रोजिनेज बरं, त्याला ऑक्सिजनशी देणंघेणं नाही.

आणि समुद्राच्या पाण्यावर किंवा घामावर काही करायचं मनात असेल तर लॅकेज नको, क्लोराइड त्याच्या तांब्याच्या जागेवर बसून त्याला अडवतं. त्या ठिकाणी बिलिरुबिन ऑक्सिडेज वापरतात, ते न्यूट्रल पीएचला आणि खारटपणातही चालतं. एका सेलमधून एक व्होल्टच्या आतच मिळेल, लाल एलईडीलाच १.८ च्या आसपास लागतो, तेव्हा दोन-तीन सेल सिरीजमधे किंवा बूस्टर सर्किट. पोरांना आधी शुद्ध ग्लुकोजच्या द्रावणावर दाखवा.

खाडीकाठची

मेम्ब्रेनवाला बसवला! सिग्नल आधीच्या मानाने लहान आहे पण रीडिंगमागून रीडिंग जागेवर राहतोय, प्रशियन ब्लूवर. त्याच्या शेजारी सुरंगीताईंच्या पद्धतीने बीएसएचा थर असलेले पण करतेय, डायलिसिस केलेलं एन्झाइम वापरून. आता शेवटचं एक विचारते, पावसाळ्यात हे इलेक्ट्रोड ठेवायचे कसे? आमच्या लॅबमधे जूनमधे भिंती घामेजतात आणि लाइट कधी जाईल सांगता येत नाही.

सुरंगी

ओल आणि गरमी दोन्ही एकदम लागली तर एन्झाइम सगळ्यात लवकर मरतं, कोरडं असेल तर थोडी गरमी सोसतं. म्हणून फ्रिजपेक्षा कोरडेपणा आधी सांभाळ. थर टाकताना त्यात ट्रेहॅलोज ही साखर मिसळ, सुकल्यावर ते प्रोटीनला धरून ठेवतं. मग इलेक्ट्रोड ॲल्युमिनियम फॉइलच्या पाउचमधे ताज्या भाजलेल्या सिलिका जेलबरोबर टाकून सील कर, साधी प्लॅस्टिकची झिप पिशवी नको, तिच्यातून ओल हळूहळू येतेच. एका पाउचमधे एका दिवसापुरतेच ठेव म्हणजे उरलेले उघडावे लागत नाहीत. फ्रिजमधून काढल्यावर पाउच बाहेरच्या तापमानाला आला की मगच उघड, नाहीतर दवाचं पाणी थेट फिल्मवर बसतं, आपल्याकडच्या हवेत तर लगेच. मेम्ब्रेनवाले मात्र सुकवायचे नाहीत, न बांधलेलं एन्झाइम त्यात आहे, ते बफरमधे थंड ठेव आणि लाइट गेली तर थर्मासात बर्फ, तो तुमच्या जेट्टीवर मिळेलच.

बंदीच्या आधीच्या बांगड्यांचे अर्क आत्ताच काढून, न्यूट्रल करून, छोट्या छोट्या ट्यूबमधे उणे २० ला गोठव. सेन्सर नंतर सुधारत बसता येईल, ताजा बांगडा ऑगस्टशिवाय परत मिळायचा नाही.